थांबवण्याचा इतिहास: गवत कापणाऱ्या ट्रॅक्टरमधलं एक रिकामं चाक



मालेच्या पत्रिकेत आजचा विषय ‘आयडलर पुली’ असा छापला आहे. मघाशी चहाच्या वेळी एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “सर, इथे पानिपत झालं, गिरणी संप झाला, दुष्काळ झाले. आता पुली?” (हशा.) प्रश्न रास्त आहे. तासाभरात त्याचं उत्तर देता आलं तर बघू.

आधी हे चाक म्हणजे काय ते सांगतो. पिठाची गिरणी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. मोटारीवर एक चाक, जात्यावर एक चाक, आणि दोघांना जोडणारा पट्टा. एक फिरवणारं, दुसरं फिरणारं. पण पुष्कळ यंत्रांत याशिवाय तिसरं चाक असतं. ते कुणाला फिरवत नाही, त्याच्यावर कुठलं ओझं नाही, ते फक्त पट्ट्याला रेलून फिरत असतं. इंग्रजीत त्याला आयडलर म्हणतात, म्हणजे शब्दशः रिकामटेकडा. आपल्या वर्कशॉपांतही आयडलर नाहीतर टेन्शनर हेच शब्द चालतात. मी आज त्याला कधी आयडलर म्हणेन, कधी रिकामं चाक म्हणेन.

माझी आणि या चाकाची ओळख विस्कॉन्सिनमध्ये झाली. अमेरिकेचं हे उत्तरेकडचं राज्य. १९९४ साली मी तिथे शिकवायला होतो आणि गावाबाहेर एक जुनं घर भाड्याने घेतलं होतं. घराभोवती अर्धा एकर हिरवळ. तिकडे अनेक गावांत नियम असतो की गवत ठरावीक उंचीच्या वर गेलं की नगरपालिकेची नोटीस येते. घरमालकाने गॅरेजमध्ये एक तीसेक वर्षांचा छोटा ट्रॅक्टर ठेवला होता. त्याच्या पोटाखाली, मोठी परात उपडी घालावी तसं लोखंडी कवच असतं, त्याला डेक म्हणतात. डेकच्या आत दोन किंवा तीन पाती, पंख्यासारखी आडवी फिरणारी. इंजिनापासून या पात्यांपर्यंत ताकद नेतो तो पट्टा.

माझ्या त्या यंत्रात पाती चालू-बंद करायला एक लिव्हर होता. लिव्हर पुढे केला की एक आयडलर पट्ट्यावर दाबला जायचा, पट्टा ताणला जायचा, पाती फिरायची. लिव्हर मागे घेतला की आयडलर दूर, पट्टा सैल, पाती थांबायची. म्हणजे ते रिकामं चाक हाच क्लच होता.

एके दिवशी ओल्या गवताचा बोळा डेकच्या तोंडाशी अडकला. मी लिव्हर मागे ओढला, इंजिन चालूच ठेवलं, उतरलो आणि बोळा काढायला वाकलो. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचे आजोबा ओरडले, “हात काढ!” मी दचकून मागे झालो. त्यांनी येऊन आधी इंजिन बंद केलं, मग मला एक लांब काठी आणायला सांगितली. पाती अजून फिरत होती. लिव्हर मागे होता, तरी फिरत होती. आजोबांचा सगळा जन्म मशीन शॉपमध्ये गेलेला. लिव्हर ओढल्यावर पात्यांचा आवाज विरायला हवा होता, तो विरला नाही, हे त्यांना तीस पावलांवरून कळलं. मला शेजारी उभा राहून इंजिनाच्या आवाजात ते कळलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही डेक काढला. आयडलर ज्या लोखंडी दांड्यावर बसतो तो दांडा आपल्या खिळ्यावर गंजून अडकला होता. लिव्हर मागे घेतला तरी स्प्रिंगला तो मागे खेचता येत नव्हता, आणि पट्टा अर्धामुर्धा ताणलेलाच राहत होता. आयडलरचं बेअरिंग तर संपलंच होतं. हाताने फिरवलं की आत रेती भरल्यासारखी खरखर.

रविवारी मी मुंबईला वडिलांना फोन केला. आमचे वडील लालबागच्या एका गिरणीत साळखात्यात ऑइलमन होते, म्हणजे यंत्रांना तेल घालणारे. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं पट्ट्यात गेलेली. घरी त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. मी सगळं सांगितल्यावर ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “तिकडे पण पट्टाच आहे होय?” मग म्हणाले, “पट्टा पडला असं दिसलं तरी पडला का ते बघायचं, मग हात.”

मी तंत्रज्ञानाचा इतिहास शिकवणारा माणूस. तरी त्या दिवसापर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं की आपण यंत्रं चालवण्याचा इतिहास लिहितो. वाफेचं इंजिन, विजेची मोटार, अश्वशक्ती. यंत्र थांबवण्याचा इतिहास आपण जवळजवळ लिहीतच नाही. आणि तो या रिकाम्या चाकात आहे.

गिरणीच्या छतावर

आता थोडं मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकातल्या कापड गिरणीत इंजिन एकच असायचं. आधी पाणचक्की, मग वाफेचं इंजिन. त्या एका इंजिनाची ताकद शेकडो यंत्रांपर्यंत पोचवायची होती. त्यासाठी छताखालून लांबच लांब लोखंडी शाफ्ट फिरत असत, आणि त्या शाफ्टवरून खाली प्रत्येक यंत्राला पट्टा उतरायचा. इंग्लंडमध्ये इंजिनापासून मुख्य शाफ्टपर्यंत दातेरी चाकांचा भर होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल इथे पॉल मूडीने १८२८ साली ते काम चामड्याच्या पट्ट्यांवर सोपवलं. पट्टा स्वस्त, कमी गोंगाटाचा, आणि कुठे काही अडकलं तर दात तुटण्याऐवजी नुसता घसरणारा. आपल्याकडे कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवची त्यांची गिरणी सुरू झाली. पुढची शंभर वर्षं गिरणगावातल्या माणसांच्या डोक्यावर हे फिरणारं छत होतं.

या व्यवस्थेत एक मोठी अडचण होती. एका साच्यावरचा धागा तुटला, तर तो एकच साचा थांबवायचा कसा? इंजिन तर थांबवता येत नाही, बाकीचे दोनशे साचे त्याच्यावर चालले आहेत. यावर जो उपाय निघाला तो फार साधा होता. यंत्राच्या शाफ्टवर शेजारी शेजारी दोन चाकं बसवायची. एक शाफ्टला घट्ट जखडलेलं, दुसरं त्याच शाफ्टवर मोकळं फिरणारं. एका दुबेळक्याने पट्टा घट्ट चाकावर सरकवला की यंत्र चालू. मोकळ्या चाकावर सरकवला की पट्टा फिरतो, चाक फिरतं, यंत्र मात्र उभं.

हे मोकळं चाक आपल्या आयडलरच्या घराण्यातलं. काम काही नाही, पण ते आहे म्हणून माणूस यंत्राला ‘थांब’ म्हणू शकतो.

आणि इथेच ऑइलमनचं महत्त्व. मोकळं चाक शाफ्टवर मोकळं राहायला त्याच्या आत तेल लागतं. तेल संपलं की ते तापतं, चिकटतं, शाफ्टला धरून ठेवतं. म्हणजे बंद केलेलं यंत्र आपोआप चालू होतं, आणि नेमकं तेव्हा, जेव्हा कुणीतरी ते बंद आहे असं समजून आत हात घातलेला असतो. माझ्या ट्रॅक्टरमध्ये झालं ते याहून वेगळं नव्हतं.

कायद्यालाही हे कळायला वेळ लागला. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यात धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद आली. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा आला, त्याचं कलम २४ कधीतरी मुद्दाम वाचा. पट्टा घट्ट चाकावरून मोकळ्यावर नेण्यासाठी योग्य साधन पुरवलं पाहिजे, सुस्थितीत ठेवलं पाहिजे आणि वापरलं पाहिजे, अशी तीन क्रियापदं त्यात होती. पुढे असंही होतं की पट्टा सरकत सरकत परत घट्ट चाकावर जाऊ नये अशी त्या साधनाची रचना हवी. देशाच्या कायद्यात पट्टा सरकण्याबद्दल वाक्य होतं, मंडळी. अशी वाक्यं कल्पनेतून येत नाहीत. कुणाची तरी बोटं गेल्यावर येतात.

चिकणमातीवरची गिरणी

दुसरी गोष्ट बेअरिंगची. गोळ्यांवर फिरणारं बेअरिंग नवं नव्हतं. वेल्समधल्या कारमार्दनच्या फिलिप व्हॉन याने गाडीच्या आसासाठी १७९४ सालीच त्याचं पेटंट घेतलं होतं. पण आपल्या कथेत महत्त्वाचं आहे स्वीडनमधलं गोथेनबर्ग. तिथल्या एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा इंजिनिअर देखभालीचं काम बघायचा. गिरणी चिकणमातीच्या जमिनीवर उभी होती. जमीन दबायची, इमारत किंचित हलायची, छतावरचे शाफ्ट एका रेषेत राहायचे नाहीत, आणि बेअरिंग सारखी निकामी व्हायची. या कटकटीतून त्याने शाफ्ट थोडा वाकडा झाला तरी स्वतःला जुळवून घेणारं बेअरिंग तयार केलं. साल १९०७. त्याच वर्षी एसकेएफ ही कंपनी निघाली. पुण्याच्या लोकांना चिंचवडच्या कारखान्यामुळे ते नाव माहीत आहे.

पुढे बेअरिंगला दोन्ही बाजूंनी रबराचं झाकण आलं आणि आत ग्रीस कायमचं भरलेलं मिळू लागलं. रोज तेल घालण्याची गरज संपली. पण त्याबरोबर रोज त्या चाकाकडे बघणारा माणूसही संपला. वडील दिवसातून दोनदा प्रत्येक साच्यापाशी जायचे. तेल घालता घालता हात लावून गरम आहे का पाहायचे, कान देऊन आवाज ऐकायचे. बंद बेअरिंगवर ‘आयुष्यभर ग्रीस लागणार नाही’ असं लिहिलेलं असतं. ते आयुष्य बेअरिंगचं असतं, आपलं नव्हे. (हशा.)

बेअरिंगच्या बाबतीत दुसरी एक फार चांगली गोष्ट झाली, ती म्हणजे क्रमांक. उदाहरणार्थ ६२०३. शेवटच्या ०३ चा अर्थ आतलं भोक १७ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ४०, जाडी १२. पुढे ६२०४ म्हणजे भोक २०. ०४ पासून पुढे शेवटच्या आकड्याला पाचाने गुणायचं की भोक मिळतं. हा क्रमांक गोथेनबर्गला, मिलवॉकीला आणि पुण्याच्या बेअरिंगवाल्याच्या काउंटरवर एकच. मूळ यंत्र बनवणारा कारखाना बंद पडला तरी क्रमांक राहतो. जुनी यंत्रं जिवंत राहतात ती याच्या जोरावर.

छत डेकखाली कसं आलं

आता गिरणीचं छत गवताच्या ट्रॅक्टरखाली कसं आलं ते बघू.

गवत कापायचं यंत्र मुळात कापड गिरणीतूनच आलं, हे वाचून मला स्वतःला आश्चर्य वाटलं होतं. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशरच्या स्ट्राउड भागात लोकरी कापडावरची लव सारखी कापायला फिरत्या पात्यांचं यंत्र वापरत. एडविन बडिंगने त्यावरून कल्पना घेतली आणि १८३० साली हिरवळ कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याच्या यंत्रात पट्टा नव्हता. मागून माणसाने ढकलायचं, आणि जमिनीवरच्या रोलरची गती दातेरी चाकांतून पात्यांच्या दंडगोलाला मिळायची. त्यात एक गोष्ट आपोआप होती. माणूस थांबला की यंत्र थांबायचं.

गेल्या शतकात पंख्यासारखं आडवं फिरणारं पातं आलं आणि त्याला इंजिन लागलं. इंजिन लागलं की माणूस थांबला तरी यंत्र थांबत नाही. म्हणजे गिरणीचा जुना प्रश्न परत आला. आणि उत्तरही गिरणीतूनच आलं, पट्टा आणि रिकामं चाक.

तोवर गिरण्यांत आणि कारखान्यांत प्रत्येक यंत्राला स्वतःची विजेची मोटार लागू लागली होती आणि छतावरचे शाफ्ट उतरू लागले होते. पण पट्ट्याची विद्या वाया गेली नाही. डेन्व्हरच्या जॉन गेट्सने १९१७ साली रबर आणि धाग्याचा व्ही आकाराचा पट्टा काढला. सपाट पट्टा चाकाला फक्त पाठीवर धरतो. व्ही पट्टा खाचेत पाचरीसारखा रुततो, दोन्ही बाजूंनी धरतो. त्यामुळे दोन चाकं अगदी जवळ असली तरी चालतं. चाळीस फुटांच्या छताखाली जे मांडावं लागे, ते आता चार फुटांत मावू लागलं.

मग दुसरं महायुद्ध संपलं. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेविटटाउनसारखी उपनगरं उठली. प्रत्येक घरापुढे हिरवळ. १९४६ मध्ये इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडला पाँड बापलेकांनी छोटे ट्रॅक्टर बनवायला घेतले, त्यांचं नाव पुढे व्हील हॉर्स. १९६०-६१ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने कब कॅडेट आणला. १९६३ मध्ये जॉन डिअरने विस्कॉन्सिनच्या होरिकॉनमधून ११० हे मॉडेल काढलं. शेतीच्या ट्रॅक्टरची ही धाकटी भावंडं.

यांत एक भौमितिक पेच होता. अशा अनेक ट्रॅक्टरांत इंजिनाचा शाफ्ट आडवा, आणि डेकमधल्या पात्यांचे शाफ्ट उभे. पट्ट्याला वाटेत काटकोनात वळायला हवं. ते वळवतात दोन आयडलर, एका चौकटीत शेजारी बसवलेले. त्या चौकटीला तिकडचे मेकॅनिक ‘म्यूल ड्राइव्ह’ म्हणतात, म्हणजे खेचर. हा शब्द मी जुन्या गिरणीबांधणीच्या पुस्तकांत शोधला आणि सापडला. छतावर दोन शाफ्ट काटकोनात असले की पट्टा कोपऱ्यावरून वळवायला जी दोन मोकळी चाकं लावत, त्यांनाही ‘म्यूल’च म्हणत. ऑइलमनच्या डोक्यावरचं खेचर माझ्या बुटांपाशी येऊन उभं राहिलं होतं.

वेढ्याचं गणित

हे चाक ताण धरून ठेवतं ते कसं, एवढं एकच गणित सांगतो. उधळलेल्या बैलाचा कासरा खांबाला एक वेढा देऊन धरला तर एकटा माणूस बैल आवरतो. दोन वेढे दिले तर पोरगंसुद्धा आवरतं. वेढा वाढला की पकड नुसती वाढत नाही, गुणाकाराने वाढते. अठराव्या शतकात ऑयलरने हे सूत्रात मांडलं. सपाट पट्ट्यासाठी घर्षणाचा गुणांक ०.३ धरा. पट्ट्याने चाकाला १८० अंश वेढलं असेल तर ताणलेल्या बाजूचा ओढा सैल बाजूच्या २.५७ पट जाऊ शकतो, त्यापुढे पट्टा घसरतो. वेढा १२० अंशांवर आला तर हाच आकडा १.८७. आयडलर पट्ट्याला बाहेरून आत दाबतो, तेव्हा वेढा वाढवतो. म्हणून त्याची जागा दोन सेंटिमीटर इकडची तिकडे झाली तरी गवत कापण्यात फरक पडतो.

आणि त्याची दमछाक? इंजिन मिनिटाला ३,६०० फेरे, त्याचं चाक पाच इंचांचं, आयडलर साडेतीन इंचांचा असेल, तर आयडलर मिनिटाला सुमारे ५,१४० फेरे घेतो. तासाला तीन लाखांच्या वर. रिकामटेकडा म्हणवणारं हे चाक इंजिनापेक्षा जास्त धावतं.

बदलायचं कसं

आता तुमच्यापैकी काहींची मुलं-नातवंडं तिकडे आहेत आणि अशी यंत्रं वापरतात, म्हणून बदलायची पद्धतही सांगून टाकतो.

पहिलं काम, इंजिन गार होऊ द्यायचं, किल्ली काढायची आणि स्पार्क प्लगची वायर काढून दूर बांधायची. पातं हाताने फिरवलं तरी काही इंजिनं चालू होऊ शकतात. दुसरं, पट्टा काढण्याआधी त्याची वाट पुठ्ठ्यावर काढून ठेवायची. कुठल्या चाकाला पोट लागतं, कुठल्याला पाठ, तेही लिहायचं. हे मी केलं नाही आणि एक नवा पट्टा घालवला. व्ही पट्ट्याची अरुंद बाजू, म्हणजे पोट, ज्या आयडलरवर येतं त्याला खाच असते. रुंद पाठ ज्याच्यावर येते तो आयडलर सपाट असतो. मी सपाटच्या जागी खाचेचा बसवला. पट्टा दहा मिनिटांत उलटा झाला आणि त्याच्या कडा फाटल्या.

तिसरं, पट्टा काढून प्रत्येक आयडलर हाताने फिरवायचा. खरखर आली तर गेला. डुलला तर गेला. आणि एक फसवी खूण: टिचकी मारल्यावर खूप वेळ फिरत राहिला तर तो चांगला असं नवख्याला वाटतं. आत ग्रीस असलेलं बंद बेअरिंग थोडं जड फिरतं आणि लवकर थांबतं. जे भिंगरीसारखं फिरत राहतं त्यातलं ग्रीस वाळून गेलेलं असतं. डेक जोराच्या पाण्याने धुणाऱ्यांच्या यंत्रांत हे लवकर होतं.

चौथं, बेअरिंगवरचा क्रमांक पुसून वाचायचा. अमेरिकन यंत्रांत एक गंमत असते. बाहेरून बेअरिंग ६२०३ चं, म्हणजे ४० मिलिमीटर, आणि आतलं भोक मात्र १७ मिलिमीटरऐवजी पाच अष्टमांश इंच. एक मिलिमीटरहून थोडा जास्त फरक. नुसता ६२०३ आणलात तर बोल्टवर ढिला बसेल आणि डुलेल. भोक मोजूनच दुकानात जायचं. काही आयडलर दोन पत्रे एकमेकांना रिव्हेट करून बनवलेले असतात, बेअरिंग आत कोंडलेलं. ते सुटं निघत नाही, मग अख्खं चाक बदलावं लागतं.

पाचवं सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक इथेच चुकतात. नवं चाक लावतात आणि दांड्याकडे बघत नाहीत. दांड्याचा खिळा आणि बुश झिजले असतील तर नवं चाकही तिरकं बसेल आणि पट्टा खाईल. गंजले असतील तर माझ्यासारखी गत होईल. दांडा काढा, खिळा घासा, ग्रीस लावा, आणि स्प्रिंग लावण्याआधी तो आपल्या वजनाने हलतो का बघा. स्प्रिंगचे आकडे झिजलेत का बघा. चाकांजवळ ज्या छोट्या सळ्या असतात त्या वाकलेल्या असतील तर सरळ करा. पट्टा सैल पडला की त्या त्याला इंजिनाच्या चाकापासून दूर धरतात. त्या निरुपयोगी वाटतात, म्हणून काही जण काढून टाकतात. त्यांनी ‘थांब’ हा शब्द काढून टाकलेला असतो.

शेवटी सगळं लावून, मोकळ्या जागेत, आसनावर बसूनच, पाती चालू करायची, लिव्हर मागे घ्यायचा आणि मनात आकडे मोजायचे. पाती किती वेळात थांबतात ते बघायचं. अमेरिकेत १९८२ पासून मागून ढकलायच्या नव्या यंत्रांना नियम आहे की हँडल सोडल्यावर पातं तीन सेकंदांत थांबलं पाहिजे. माझा ट्रॅक्टर त्याच्या फार आधीचा, आणि तो नियम बसून चालवायच्या यंत्रांना नाहीच. तेव्हा मोजणारे आपणच.

आमच्या त्या दुरुस्तीनंतर आजोबांनी घड्याळ काढलं. चार सेकंद लागले. त्यांनी मान हलवली. त्यानंतरही दर शनिवारी मी गवत कापायला लागलो की ते कुंपणापाशी यायचे आणि मी लिव्हर ओढेपर्यंत थांबायचे. आवाज विरला की आत जायचे. ते काय करत होते हे मला बऱ्याच उशिरा कळलं. ते ऑइलमनचं काम करत होते.

मघाच्या गृहस्थांना माझं उत्तर एवढंच आहे. संप, दुष्काळ, लढाया यांच्या इतिहासात आपण माणसं मोजतो. पट्ट्यात गेलेली बोटं कुणी मोजली नाहीत, आणि वेळेवर घातलेल्या तेलामुळे जी वाचली ती तर मोजताच येत नाहीत. त्या न मोजलेल्यांची खूण कुठे शिल्लक असेल तर ती कलम २४ मध्ये आहे, आणि अशा चाकांत आहे.

श्रोत्यांमधून प्रश्न: एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवं यंत्र घेणं सोपं नाही का?

उत्तर: सोपं आहे. ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावं, नव्यात सुरक्षेच्या सोयी जास्त असतात. पण नव्यातही आयडलर असतोच, आणि तोही पाच-सात वर्षांनी खरखरणार आहे. तेव्हा त्याच्या खाली एकदा वाकून बघावंच लागेल. माझं म्हणणं, पहिल्यांदा बघायची वेळ हात अडकल्यावर येऊ नये.

प्रश्न: तुमच्या वडिलांनी तो ट्रॅक्टर कधी पाहिला का?

उत्तर: नाही, ते कधी तिकडे आले नाहीत. मी सुट्टीत येताना तो जुना आयडलर बॅगेत घालून आणला होता. त्यांनी तो उजव्या हातात घेतला, अंगठ्याने फिरवला, कानाशी नेला आणि म्हणाले, “याला वर्षभर कुणी विचारलेलं नाही.” वर्षभर नव्हे, दहा वर्षं तरी झाली असतील. पण त्यांच्या हिशेबात यापेक्षा जास्त काळ असं कुणी सोडत नसे.